परतीचा दोर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरांपासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक रसाळ विषयांवर आपण व्याख्याने ऐकली. त्या मालिकेत ‘डोंगराळ मुलखातील लहान विमानांचे अपघात’ हा विषय आम्ही निवडला, तेव्हा कार्यवाहांनी आमच्याकडे काहीशा संशयाने पाहिले. मंगलप्रसंगी असला अमंगळ विषय कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर आरंभीच देतो. या वर्षी मंडळातर्फे मुक्तिनाथाची यात्रा काढावी, असा विचार चालू आहे. पोखरा ते जोमसोम हा टप्पा विमानाने करावा, अशी बहुतेकांची इच्छा दिसते. यात्रेला आमचा विरोध नाही. आम्ही व आमच्या सौभाग्यवती यांची नावे यादीत पहिल्या पानावरच आहेत. परंतु ज्या वाटेने जायचे तिचा स्वभाव ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने आज आम्ही उभे आहोत.

प्रथमच सांगून टाकतो की आम्ही वैमानिक नाही आणि अभियंतेही नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आणि सारा जन्म सरकारी फायलींत गेलेला. मात्र फायली वाचण्याच्या त्या सवयीमुळेच अपघातांच्या चौकशीचे अहवाल वाचण्याचा नाद आम्हांस लागला. हा नाद का लागला, त्यामागे आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती शेवटी सांगू.

२९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले एक ट्विन ऑटर विमान वाटेत नाहीसे झाले. त्यात तीन कर्मचारी धरून बावीस माणसे होती. दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यातील डोंगरकड्यावर, सुमारे साडेचौदा हजार फुटांवर, त्याचे अवशेष सापडले. वाचले कोणीही नाही. त्या बाविसांत ठाण्याचे चार जणांचे एक कुटुंब होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १४ मे २०१२ रोजी, त्याच मार्गावर एका डॉर्नियर विमानातील एकवीसपैकी पंधरा जण दगावले. त्यातील बहुतांश प्रवासी भारतीय होते, मुक्तिनाथाच्या दर्शनाला निघालेले. या दोहोंच्या मध्ये, २४ फेब्रुवारी २०१६ रोजी, त्याच वाटेवर आणखी एक ट्विन ऑटर कोसळून तेवीस जणांचा अंत झाला. जेमतेम वीस मिनिटांची ही वाट आहे. आपल्या देवघरातील शाळीग्राम ज्या काली गंडकीच्या पात्रातून येतात, तिचेच हे खोरे. एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरांहून उंच. आणि मधल्या फटीतून हे एवढेसे विमान जाते.

असे अपघात का होतात? ‘दैव’ म्हणून आपण मोकळे होतो. अहवाल मात्र दैवाचे नाव घेत नाहीत. ते तीनच गोष्टींकडे पुनःपुन्हा बोट दाखवितात: हवेचा विरळपणा, वारा आणि ढग. चौथी गोष्ट माणसाचे मन. ती आपण शेवटी पाहू.

प्रथम हवेचा विरळपणा. आपल्यापैकी जे लेहला जाऊन आले असतील, त्यांना तेथे दोन जिने चढताना लागलेली धाप आठवत असेल आणि गृहिणींना कुकरवाचून न शिजणारी डाळही. उंचावर हवा पातळ होते. दहा हजार फुटांवर तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश उरते. विमानाला ही पातळ हवा एका वेळी तीन ठिकाणी बाधते. इंजिनाला श्वास पुरत नाही म्हणून त्याची ताकद घटते; साध्या पिस्टन इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी कमी होते. पंख्याच्या पात्यांना ढकलायला पुरेशी हवा मिळत नाही. आणि ज्या पंखांवर सारे वजन तोलायचे, त्यांनाही पूर्वीइतकाच आधार मिळवायचा तर अधिक वेगाने धावावे लागते. म्हणजे शक्ती कमी आणि गरज जास्त. महिनाअखेरीस पाहुणे यावेत, तशी ही स्थिती होय.

त्यात उष्णतेची भर पडते. तापलेली हवा आणखी पसरते, आणखी पातळ होते. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण म्हणून धरलेले तापमान शून्याखाली सुमारे सहा अंश असते. उन्हाळ्यातल्या दुपारी तेथे पारा पंचवीस अंशांवर गेला, तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी दहा हजार फुटांवर राहत नाही. ती चौदा हजार फुटांहूनही वर जाऊन बसते. जमीन हललेली नसते, नकाशा बदललेला नसतो. परंतु विमानाच्या पंखांना नकाशा वाचता येत नाही, त्यांना फक्त हवा कळते. सकाळी सहज उडालेले विमान त्याच धावपट्टीवरून, तेवढ्याच माणसांसह, दुपारी उडू शकेलच असे नाही, याचे कारण हे.

याचा आणखी एक परिणाम सामान्य माणसाच्या ध्यानी येत नाही. पातळ हवेत विमान प्रत्यक्षात अधिक वेगाने जात असते, जरी वैमानिकासमोरचा काटा नेहमीचाच आकडा दाखवीत असला तरी. आणि वेग वाढला की वळण रुंदावते. दहा हजार फुटांवर त्याच काट्यावर, त्याच कलतेपणाने घेतलेले वळण समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठे होते. दरी वर जावी तशी अरुंद होत जाते आणि विमानाला वळायला लागणारी जागा मात्र रुंद होत जाते. डोंगरातील कितीतरी अपघातांचे मूळ या दोन ओळींत सामावलेले आहे. वैमानिक दरीत शिरतो, पुढचा चढ विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा तीव्र निघतो, आणि हे ध्यानात येईपर्यंत मागे वळायला जागा उरलेली नसते.

दुसरी गोष्ट वारा. हा विषय समजायला आपल्याला हिमालयात जायची गरज नाही. आपला सह्याद्री पुरे आहे. पावसाळ्यात नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहिलेल्यांनी उलटा धबधबा पाहिला असेल. कड्यावरून खाली पडू पाहणारे पाणी कोकणातून येणारा वारा उचलून पुन्हा वर फेकतो. समुद्रावरून आलेला वारा कड्याला आपटून उभा चढतो, म्हणून घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस. तोच वारा माथा ओलांडून देशावर उतरू लागला की ढग विरतात. महाबळेश्वरी धो धो कोसळणारा पाऊस थोड्याच अंतरावरच्या वाईला किती थोडा उरतो, हे तिकडच्या मंडळींना ठाऊक आहेच. आपण त्यास पर्जन्यछाया म्हणतो. वैमानिकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की डोंगराच्या वाऱ्याकडील अंगाला हवा वर चढते आणि आडोशाच्या अंगाला खाली कोसळते. हवा नदीसारखी वाहते, खडकाला अडली की उसळते, पलीकडे भोवरे करते. फक्त ती दिसत नाही.

लहान विमानाला याची किंमत फार मोठी पडते. समजा, उंचावर एखादे छोटे विमान मिनिटाला तीनशे फूट चढू शकते, आणि ज्या हवेतून ते चालले आहे तीच मिनिटाला पाचशे फूट खाली घसरते आहे. विमानाचे नाक वर आहे, इंजिन पुऱ्या ताकदीने घरघरते आहे, वैमानिकाची काही चूक दिसत नाही, आणि तरीही विमान मिनिटाला दोनशे फूट खाली चालले आहे. समोर डोंगराचा माथा, आणि तो माथा हळूहळू वर येत असल्यासारखा दिसतो.

याचे उदाहरण म्हणून एका नामांकित माणसाची कथा सांगतो. अमेरिकेचे स्टीव्ह फॉसेट हे साहसी म्हणून जगविख्यात होते. २००२ साली बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. २००५ साली कोठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता, एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारेही तेच पहिले. ऑगस्ट २००६ मध्ये एका सोबत्यासह त्यांनी अर्जेंटिनात, अँडीज पर्वताला अडून उसळणाऱ्या वायुलहरींवर स्वार होऊन, इंजिन नसलेले ग्लायडर पन्नास हजार फुटांहून वर नेले. त्या काळचा तो विक्रम होता. पर्वताचा वारा माणसाला किती उंच नेऊ शकतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

३ सप्टेंबर २००७ च्या सकाळी नेवाडा राज्यातील एका शेतवाडीच्या धावपट्टीवरून ते एका छोट्या दोन आसनी विमानातून एकटेच फेरफटका मारायला निघाले. कोणताही विक्रम करायचा नव्हता. ते परतले नाहीत. आठवडेच्या आठवडे शोध चालला. त्या शोधात पूर्वी कधी कोणाच्या नजरेस न पडलेल्या दुसऱ्याच जुन्या अपघातांचे सांगाडे सापडले, पण त्यांचे विमान सापडले नाही. वर्षभराने, सप्टेंबर २००८ च्या अखेरीस, सिएरा नेवाडा पर्वतात पायी भटकणाऱ्या एका गृहस्थास त्यांची ओळखपत्रे सापडली, आणि दोन दिवसांत सुमारे दहा हजार फुटांवरच्या उतारावर विमानाचे अवशेष दिसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला तो असा: विमान ज्या अधोगामी वायुप्रवाहात सापडले, त्याचा जोर विमानाच्या चढण्याच्या ताकदीहून अधिक होता, डोंगराळ प्रदेश आणि पातळ हवा यांची त्यात भर पडली. ज्या वाऱ्याने एके वर्षी पन्नास हजार फुटांवर नेले, त्याच्याच दुसऱ्या अंगाने पुढल्या वर्षी खाली ओढले.

तज्ज्ञपणाही येथे कवच ठरत नाही. डोंगरी उड्डाणावर ग्रंथ लिहिणारे, शेकडोंना ती विद्या शिकविणारे अमेरिकेतील स्पार्की आयमसन २००७ साली मोंटाना राज्यातील डोंगरात झालेल्या अपघातातून बचावले आणि मार्च २००९ मध्ये त्याच राज्यात दुसऱ्या अपघातात गेले. हे सांगण्यामागे त्यांच्या विद्येचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. त्यांच्या शिकवणुकीने किती जण वाचले असतील, त्याची मोजदाद होऊ शकत नाही. कारण न झालेल्या अपघाताचा अहवाल कोणी लिहीत नाही.

तिसरी गोष्ट ढग. काली गंडकीच्या खोऱ्यात उतरणारे वैमानिक डोळ्यांनी पाहून विमान चालवितात; दरी हाच त्यांचा रस्ता. दरी दिसेनाशी झाली की रस्ता संपला. २०१६ च्या अपघाताच्या चौकशीत ठपका आला तो हाच की हवामान प्रतिकूल असताना, दृष्टीच्या आधाराने करावयाच्या उड्डाणात, वैमानिक पुनःपुन्हा ढगांत शिरले आणि नेहमीच्या मार्गावरून भरकटले. २०२२ च्या अहवालात जवळपास तेच शब्द आले: नकळत ढगांत शिरणे, मार्गावर लक्ष न राहणे, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र बंद करून ठेवलेले असणे. हे यंत्र बंद का ठेवावे, असे आपणांस वाटेल. परंतु दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या दरीतून रोज जाताना ते उगाचही ओरडत राहते. रोज खोटे ओरडणाऱ्याचे तोंड माणूस बंद करतो, आणि ज्या दिवशी त्याचे ओरडणे खरे असते त्या दिवशी ते मुके असते.

या प्रकारच्या अपघातात विमानात काहीच बिघडलेले नसते. इंजिन धडधाकट, पंख शाबूत, वैमानिक जागा. फक्त समोर डोंगर आहे हे कोणाला ठाऊक नसते. मोठ्या विमानांनाही हे चुकलेले नाही. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारे इटलीचे एक जेट विमान पावसाळी रात्री जुन्नरच्या परिसरातील डोंगरावर आदळून चौऱ्याण्णव जण मृत्युमुखी पडले. मुंबई आहे त्याहून जवळ आली, अशा समजुतीने ते लवकर खाली उतरू लागले होते. ९ जुलै १९९४ रोजी पंजाबचे राज्यपाल सुरेंद्रनाथ कुटुंबीयांसह ज्या लहान सरकारी विमानातून चालले होते, ते खराब हवेत हिमाचलच्या डोंगरावर आदळले. १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथाहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सात जण गेले; त्यांत महाराष्ट्रातील एक दांपत्य आणि त्यांची लहानगी मुलगी होती. हेलिकॉप्टर आणि विमान यांची जात निराळी, पण ढग आणि दरी तीच.

एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला विमानतळाचे नाव आपण ऐकले असेल. सुमारे नऊ हजार तीनशे फुटांवर, ५२७ मीटर लांबीची, डोंगराला टेकवून ठेवलेल्या फळीसारखी चढती धावपट्टी. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. एकदा उतरायला घेतले की बेत बदलण्याची सोय नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात उतरणारे ट्विन ऑटर धावपट्टीच्या अलीकडेच आदळले आणि एकोणीसपैकी एकटा मुख्य वैमानिक वाचला. हा विमानतळ १९६४ साली सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने झाला. शेर्पांच्या मुलखात शाळा आणि दवाखाने बांधायचे, तर सामान न्यायला विमान हवे, या तळमळीतून. पुढे ३१ मार्च १९७५ रोजी फाफलू येथे दवाखाना बांधणाऱ्या हिलरींना भेटायला निघालेल्या त्यांच्या पत्नी लुईस आणि सोळा वर्षांची कन्या बेलिंडा यांचे छोटे विमान काठमांडूहून उडताच कोसळले, आणि दोघीही गेल्या. हिलरी त्यानंतरही त्या मुलखात जात राहिले, शाळा बांधत राहिले. १९८५ ते १९८९ या काळात ते न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते.

हे ऐकून कोणास वाटेल की डोंगरात उडणे हेच मुळात वेडेपण. तसे नाही. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन, झोजी ला ओलांडून, डाकोटा विमान लेहच्या नव्या, कच्च्या धावपट्टीवर उतरविले, म्हणून लडाख वाचले. ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या हातांनी तयार करून घेतली होती. आज डोंगरातल्या खेड्यांत औषधे, मतपेट्या, आजारी माणसे हवेतूनच जातात-येतात. उडू नये असे आमचे म्हणणे नाही. कसे उडावे याचे नियम आहेत, आणि ते फार साधे आहेत.

वैमानिकांना शिकविले जाते की डोंगरात सकाळी लवकर उडावे. ऊन चढले की वारा उठतो. जोमसोमला दुपारकडे वारा इतका माजतो की उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात. दरीच्या मध्यातून जाऊ नये, एका कडेने जावे, म्हणजे वळायची वेळ आली तर दरीची पुरी रुंदी हाताशी असते. डोंगराची धार समोरून छाताडावर घेऊ नये, तिरकस गाठावी, म्हणजे पलीकडचा वारा खाली दाबू लागला तर थोडेसे वळूनच निसटता येते. वारा असेल तर धारेपेक्षा किमान दोन हजार फूट वर असावे. आणि दरीत शिरण्यापूर्वीच ठरवून ठेवावे की अमुक ठिकाणापर्यंत अमुक दिसले नाही तर परत. हा निर्णय दरीत शिरल्यावर करायचा नसतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हे सारे नियम एकाच गोष्टीसाठी आहेत: परत फिरण्याची वाट मोकळी ठेवणे. कोंढाण्यावर सूर्याजीने दोर कापून टाकल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परतीचा दोर कापणे हे आपल्याला शौर्याचे शिखर वाटते, आणि त्या रात्री ते होतेही. परंतु त्याच शिवाजी महाराजांनी त्यापूर्वी, १६६५ साली, पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन माघार घेतली होती, हे आपण तितक्या आवडीने सांगत नाही. ती माघार घेतली नसती तर कोंढाणा परत जिंकायला कोण उरले असते? डोंगरातल्या वैमानिकाने कोंढाण्याची नव्हे, पुरंदरची आठवण ठेवायची असते.

आता ती चौथी गोष्ट, माणसाचे मन. आणि आमची चूक.

२००३ च्या उन्हाळ्यात सरकारी कामासाठी आम्ही दिल्लीहून कुलूला निघालो होतो. विमान छोटे, डॉर्नियर जातीचे. कुलूचा विमानतळ भुंतर येथे, बियास नदीच्या काठी, सुमारे साडेतीन हजार फुटांवर, उंच डोंगरांच्या मधल्या अरुंद खोऱ्यात आहे. दुसऱ्या दिवशी महत्त्वाची बैठक होती आणि ती आमच्या अध्यक्षतेखाली व्हावयाची होती. खोऱ्याच्या तोंडाशी आल्यावर विमानाने एक लांबलचक वळण घेतले, आणि काही वेळाने कळले की आपण चंडीगडला उतरतो आहोत. खिडकीतून आम्हांस तर खोरे स्वच्छ दिसत होते. थोडेसे ढग लांबवर, एवढेच.

चंडीगडला उतरल्यावर प्रवाशांची कुरकुर सुरू झाली, आणि तिचे पुढारीपण आम्ही घेतले. तेव्हा आम्ही तिशी ओलांडलेले, नव्यानेच हाती आलेल्या अधिकाराने फुगलेले होतो. विमानातून उतरणाऱ्या मध्यमवयीन कॅप्टनना आम्ही गाठले आणि जरा चढ्या आवाजातच विचारले, “खोऱ्याचे तोंड तर मोकळे दिसत होते. मग परत का फिरलात?”

ते शांतपणे म्हणाले, “साहेब, तोंड मोकळे होते, शेवट दिसत नव्हता. आणि शेवट दिसेपर्यंत वळायला जागा उरली नसती.”

एवढे बोलून ते गेले. आम्हांस ते उत्तर उद्धट वाटले. रात्रभर टॅक्सीने प्रवास करून आम्ही कुलूला पोहोचलो. बैठक पुढे ढकललेली होती, कारण इतरांनाही येता आले नव्हते. तरीही दिल्लीला परतल्यावर आम्ही त्या कंपनीला कार्यालयाच्या कागदावर तक्रारीचे पत्र लिहिले. वैमानिकाने पुरेशा कारणाशिवाय उड्डाण अर्ध्यावर सोडले, त्यामुळे शासकीय कामाचा खोळंबा झाला, असे त्यात लिहिले. पत्राची भाषा चांगली होती. भाषेबद्दल आमची ख्याती आहेच. त्या पत्राचे पुढे काय झाले, त्या कॅप्टनना कोणी जाब विचारला का, हे आम्ही कधी विचारले नाही.

२०२२ च्या मे महिन्यात ठाण्याच्या त्या कुटुंबाची बातमी वाचली तेव्हा इतक्या वर्षांनी ते वाक्य कानांत उभे राहिले. मग आम्ही अहवाल वाचू लागलो. आणि जसजसे वाचत गेलो तसतसे कळत गेले की आमच्यासारख्यांची पत्रे, आमच्यासारख्यांचे चढे आवाज, ‘कालचे विमान तर गेले होते’ असे टोमणे हे सारे दर सकाळी वैमानिकाच्या शेजारच्या आसनावर बसलेले असते. अहवालात त्याला रकाना नसतो. ज्या कॅप्टनना आम्ही दोष दिला, त्यांनी त्या दिवशी आमचे प्राण वाचविले की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. न झालेल्या अपघाताचा अहवाल नसतो, हे आम्ही मघाशी म्हटले ते यासाठीच. परंतु त्यांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आज या व्यासपीठावरून ते पत्र आम्ही परत घेतो. ते ज्यांच्याविरुद्ध लिहिले त्यांच्यापर्यंत हे शब्द पोहोचणार नाहीत, हे ठाऊक असूनही परत घेतो.

मंडळाच्या यात्रेबद्दल आमच्या नम्र सूचना आता आपण मान्य कराल, अशी आशा आहे. जोमसोमचे उड्डाण पहाटेचेच घ्यावे. पोखऱ्यास निदान दोन दिवस हातचे राखून ठेवावेत, आणि परतीची रेल्वे तिकिटे त्या हिशेबाने काढावीत. तारखेची घाई हाच सर्वांत वाईट वैमानिक होय. तेथे सामानाचे आणि माणसांचेही वजन होते, तेव्हा वजन खरे सांगावे. चिवड्याचे आणि लाडवांचे डबे अंगावरच्या शालीत लपवून नेण्याची आपली जुनी विद्या या एका प्रवासापुरती घरी ठेवावी. हवा चांगली नसेल तर रस्त्याने जाता येते. वेळ लागतो, हाडे खिळखिळी होतात, पण मुक्तिनाथ कोठे पळून जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: वैमानिकाने वाटेतून विमान परत आणले, तर उतरल्यावर कोणीही कुरकुर करू नये. उलट मंडळाच्या वतीने त्याला एक नारळ द्यावा.

हे मंडळ पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी स्थापन केले, ती माणसे घरापासून दूर आली होती, आणि सुट्टी लागली की परत जाण्याच्या गाडीचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असे. परतीची वाट मोकळी आहे, एवढ्या भरवशावर ती इतक्या लांब येऊन राहिली. तो भरवसा डोंगरात उडणाऱ्या प्रत्येक विमानालाही असावा, एवढेच आमचे मागणे आहे.